लहान कारण, मोठे वादळ



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत विज्ञानाची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. पण ही गोष्ट आपल्या घरातलीच आहे, म्हणून सांगतो.

1961 साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ हे शास्त्रज्ञ संगणकावर हवामानाचे गणित करीत होते. जुने गणित पुन्हा तपासताना त्यांनी 0.506127 ऐवजी नुसते 0.506 भरले. कॉफी पिऊन येऊन पाहतात तर काय, पुढचे सारे हवामानच बदललेले! 1972 साली त्यांनी जगाला विचारले, ब्राझीलमध्ये फुलपाखराने पंख हलवले तर टेक्सासमध्ये वादळ उठेल काय? यालाच केऑस थिअरी म्हणतात. केऑस म्हणजे गोंधळ. पण हा नशिबाचा खेळ नव्हे बरं का. कारण असतेच; फक्त बारीकशा फरकाचा परिणाम कुठवर जाईल, हे आधी सांगता येत नाही. भगवान बुद्धांचा प्रतीत्यसमुत्पाद आणि हे गणित एकच आहे, असे मी म्हणणार नाही. पण कारणाशिवाय काही घडत नाही, हे दोन्हीकडे आहे.

आता आपला इतिहास पाहा. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आणि 16 ऑक्टोबरला चांद्याला परमपूज्य बाबासाहेबांनी लाखोंना दीक्षा दिली. चांद्याच्या सोहळ्यामागे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचे मोठे कष्ट होते. त्या दिवशी चांदा मध्य प्रदेशात होता आणि आपला राजुरा भाग हैदराबाद राज्यात. मधे वर्धा नदी. सोळा दिवसांनी, 1 नोव्हेंबरला, दोन्ही भाग मुंबई राज्यात आले. 1959 ला राजुरा चांदा जिल्ह्याला जोडला गेला. नकाशावरची रेघ धम्माला अडवू शकली नाही. 1951 च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध जेमतेम अडीच हजार होते. 1961 ला ते सुमारे 28 लाख झाले!

मग हे एका फुलपाखराचे काम काय? नाही. वादळ उठायला आभाळ आधी भरून यावे लागते. 1927 चे महाडचे पाणी, 1935 ची येवल्याची घोषणा, आणि त्यामागे गावोगाव फिरणारे आंबेडकरी जलसे. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत विचार गाण्यातून गेला. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांनी ढोलकी-पेटीवर माणसे जागी केली. कलेने समाज बदलला आणि बदललेल्या समाजाने नवी कला घडवली. 1958 ला मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, 1972 ला दलित पँथर उभी राहिली. चवदार तळ्यावरच्या ओंजळीतून पुस्तके निघतील, हे तेव्हा कोणी सांगू शकले असते?

समाज म्हणजे काही गणित नाही, हे खरे. प्रत्येक पंखाने वादळ होत नाही, हेही खरे. पण कोणत्या पंखाने होईल हे ठाऊक नसते, म्हणूनच थांबायचे नसते. आपल्या गल्लीतल्या आजीबाईंना 1956 ची आठवण आहे, जात्यावरची भीमगीते पाठ आहेत. दरवर्षी अशी माणसे कमी होताहेत. पोरांनो, वही घ्या, आजीजवळ बसा, एक गाणे तरी उतरवून घ्या. काम लहान आहे. परिणाम लहान असेल, असे कोणी सांगू शकत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!