विष्णुदासांची साक्ष : नाट्यकविता, आठवण आणि मराठी रंगभूमीचा आरंभ

१

मराठी रंगभूमीचा इतिहास ५ नोव्हेंबर १८४३ या दिवसापासून सांगण्याचा प्रघात आहे. सांगलीचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णु अमृत भावे यांनी 'सीतास्वयंवर' या आख्यानाचा प्रयोग केला, त्या घटनेशी हा दिवस जोडला गेला आहे. या आरंभाविषयी जे काही ज्ञात आहे, त्याचा एक प्रमुख आधार म्हणजे खुद्द भावे यांनी उतारवयात दिलेली माहिती होय. १८८५ साली त्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' प्रसिद्ध झाला. आपल्या आख्यानांतील पदे त्यांनी त्यात एकत्र केली आणि प्रस्तावनेत आपल्या उद्योगाची हकीकत सांगितली. त्या वेळी त्यांनी वयाची पासष्टी ओलांडली होती. पहिल्या प्रयोगाला बेचाळीस वर्षे लोटली होती आणि त्यांनी स्वतः नाटकाचा व्यवसाय सोडल्यालाही दोन तपे होत आली होती.

या ग्रंथाकडे आजवर मुख्यतः माहितीचे साधन म्हणून पाहिले गेले आहे. 'पहिले नाटक कोणते?' या वादात त्यातील निवेदन उद्धृत केले जाते आणि पदांचा भाग बहुधा दुर्लक्षित राहतो. परंतु या ग्रंथाच्या नावातच एक वाङ्मयीन भूमिका दडलेली आहे. वृद्ध भावे आपला ठेवा पुढील पिढीच्या हाती देतात तो 'नाट्यकविता' म्हणून. नाटकातील कविता तेवढी टिकवावी आणि उर्वरित भाग आठवणीच्या रूपाने सांगावा, असा या ग्रंथाचा घाट आहे. हा घाट स्वीकारल्याने त्यांच्या नाटकाविषयी काय कळते आणि मराठी नाट्येतिहासाने त्याचा कसा उपयोग केला, हे तपासणे अगत्याचे आहे.

२

भावे यांच्या निवेदनानुसार १८४२ च्या सुमारास कर्नाटकातील भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ पाहून चिंतामणरावांनी तशाच स्वरूपाचे, पण अधिक नेटके खेळ मराठीत करण्याची आज्ञा केली आणि ती जबाबदारी दरबारच्या चाकरीत असलेल्या या तरुणावर आली. बाहुल्या तयार करण्याचे कौशल्य भाव्यांच्या अंगी होते. कविता करण्याची हातोटी होती. यक्षगानाच्या परंपरेतून आलेला आकृतिबंध त्यांनी आपल्या कीर्तन-आख्यानाच्या परंपरेशी जुळवून घेतला. सूत्रधाराचे मंगलाचरण, विदूषकाचा प्रवेश, गणपती व सरस्वती यांचे आगमन, त्यानंतर मुख्य आख्यान, असा क्रम त्यातून रूढ झाला.

या खेळात लिहिलेला भाग होता तो पदांचा. ती पदे सूत्रधार मृदंग-झांजांच्या साथीवर म्हणे. त्यांतून प्रसंगाची सूचना मिळाली की पात्रे आपापले भाषण आयत्या वेळी करीत. कोणी काय बोलावे याची साधारण कल्पना नटांना दिलेली असे. शब्द त्यांचे स्वतःचे असत. राक्षसांच्या प्रवेशातील आरडाओरडा हा त्या भाषणांचा सर्वांत गाजलेला भाग. त्यावरूनच पुढील काळातील सुशिक्षितांनी या खेळांना 'अलल्डुर्र' किंवा 'तागडथोम' नाटके असे हिणवले.

लिखित सांगाडा आणि उत्स्फूर्त भाषण यांची अशी विभागणी मराठीतच आढळते असे नाही. इटलीतील 'कोमेदिया देल्लार्ते' या प्रकारात कथानकाचा आराखडा तेवढा लिहिलेला असे आणि संवाद नट रचीत. मात्र तेथे कागदावर असे ते कथानक. भाव्यांच्या खेळात कागदावर होती ती कविता. कथानक रामायण-महाभारतातले, म्हणून प्रेक्षकांना आधीच परिचित. कवीने भर घालायची ती पदरचनेत, चालींत आणि प्रसंगांच्या मांडणीत. 'नाट्यकविता' ही संज्ञा या व्यवस्थेचे अचूक वर्णन करते. भाव्यांच्या दृष्टीने नाटककार हा कवी होता, आणि जे त्याने रचले नव्हते त्यावर तो आपले नाव घालीत नव्हता.

या प्रामाणिकपणाची किंमत मात्र मोठी होती. १८८५ साली पदे छापली गेली आणि भाषणे हरपली. १८४३ साली सीता काय बोलली, रावणाने कोणते शब्द उच्चारले, हे सांगणारी संहिता मुळातच नव्हती. ज्या प्रयोगापासून मराठी रंगभूमीची गणना होते, त्या प्रयोगाचा गद्य अर्धा भाग त्या दिवशी जमलेल्या प्रेक्षकांबरोबर संपला.

३

ही आठवण कोणत्या काळात लिहिली गेली, हेही पाहिले पाहिजे. चिंतामणरावांचे निधन १८५१ मध्ये झाले आणि भाव्यांच्या नाटकाचा राजाश्रय आटला. पुढील दशकात त्यांनी मंडळी घेऊन दौरे केले. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांचे प्रयोग झाले आणि दरबारी मनोरंजन म्हणून जन्मलेला खेळ तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर उभा राहिला. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या त्याच धर्तीवर निघाल्या. १८६१ च्या सुमारास भावे व्यवसायातून निवृत्त झाले.

नेमक्या त्याच वर्षी विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे गद्य नाटक प्रसिद्ध झाले. आधी छापलेली आणि मग रंगभूमीवर येणारी 'बुकिश' नाटके हळूहळू प्रतिष्ठा पावू लागली. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' अवतरले आणि पदे सूत्रधाराच्या मुखातून निघून पात्रांच्या मुखी गेली. किर्लोस्करांचा जन्म १८४३ चा आणि मृत्यू १८८५ चा. 'सीतास्वयंवर' आणि 'नाट्यकवितासंग्रह' यांच्या दरम्यानच्या बेचाळीस वर्षांतच त्यांचे जवळजवळ सारे आयुष्य सामावले. या योगायोगाला कार्यकारणाचे महत्त्व देण्याचे कारण नाही. परंतु भाव्यांनी ग्रंथ सिद्ध केला तेव्हा त्यांच्या नाट्यपद्धतीला मागे टाकणारी पिढीही आपले प्रमुख कार्य करून चुकली होती, एवढे त्यावरून ध्यानात येते.

अशा वेळी लिहिलेली आठवण तटस्थ असणे संभवत नाही. आपल्या हयातीतच आपली कला उपहासाचा विषय झालेली पाहणारा कवी 'हे मी आरंभिले' असे सांगतो, तेव्हा त्या सांगण्यात हकीकत आणि दावा दोन्ही असतात. राजाज्ञेचा उल्लेख या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो. नाटकाचा धंदा प्रतिष्ठित मानला जात नसलेल्या समाजात 'हे श्रीमंतांच्या इच्छेने झाले' असे म्हणणे म्हणजे कलेला कुलशील देणे होते. उतारवयातील कलावंताची आठवण ही मराठी नाट्येतिहासाची नेहमीची साधनसामग्री आहे. गणपतराव बोडसांची 'माझी भूमिका' (१९४०) किंवा चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी' (१९५७) यांच्यावाचून पुढील कालखंडाचा इतिहास लिहिणे अशक्य आहे. या परंपरेच्या आरंभी भाव्यांची प्रस्तावना उभी आहे, आणि आठवणीचे वाचन कसे करावे हा प्रश्नही तेथूनच सुरू होतो.

४

सांगलीहून काही कोसांवर असलेल्या साताऱ्यात याच सुमारास दुसराच प्रवाह आकार घेत होता. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह १८३९ मध्ये पदच्युत झाले आणि १८४८ मध्ये ते राज्यच खालसा करण्यात आले. ज्या दशकात सांगलीचे संस्थानिक नाटकाला आश्रय देत होते, त्याच दशकात साताऱ्याचा दरबार इतिहासजमा झाला. म्हणून साताऱ्यातून जी प्रभावी नाटक मंडळी पुढे आली, तिच्या मागे राजाज्ञा नव्हती. १८८१ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळीने 'शाहूनगरवासी' हे नाव घेतले. शाहूनगर म्हणजे सातारा. छत्रपतींचे नाव नगराच्या रूपाने राहिले, पण मंडळी होती ती त्या नगराच्या रहिवाशांची.

शाहूनगरवासी मंडळीची कीर्ती गद्य नाटकांवर आणि गणपतराव जोशी यांच्या अभिनयावर उभी राहिली. कऱ्हाडजवळच्या टेंभू येथे जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' (१८८३) हे भाषांतर केले. त्यातील नायकाची गणपतरावांची भूमिका मराठी रंगभूमीवरील अभिनयाचा एक मानदंड ठरली. वासुदेव बाळकृष्ण केळकरांची 'त्राटिका'ही याच मंडळीने गाजवली. सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कांचनगडची मोहना' १८९८ मध्ये रंगभूमीवर आणले तेही साताऱ्याच्या या मंडळीनेच.

भाव्यांच्या खेळात जे अलिखित होते, ते या मंडळीत लिखित झाले. नटाचे भाषण आता नाटककाराचे झाले. नटाकडे राहिला तो त्या भाषणाचा उच्चार, त्यातील विराम, त्यामागची भावावस्था. भाव्यांच्या खेळात नट शब्दांचा सहकर्ता होता; गद्य नाटकात तो अर्थाचा प्रकटकर्ता झाला. नाटककाराची प्रतिष्ठा वाढली ती नटाच्या शब्दस्वातंत्र्याचा संकोच करून. या देवघेवीला केवळ 'विकास' म्हणणे एकांगी ठरेल. 'अलल्डुर्र' या शब्दातील तुच्छता अंशतः या नव्या संहितानिष्ठेतून आलेली आहे. जे छापता येत नाही ते असंस्कृत, असा निवाडा त्यात गृहीत आहे.

५

भावे १९०१ मध्ये निवर्तले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०३ मध्ये, आप्पाजी विष्णु कुलकर्णी यांचा 'मराठी रंगभूमी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि सांगलीपासून सुरू होणारे कथन स्थिर झाले. १९४३ मध्ये सांगलीतच स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या अध्यक्षतेखाली नाट्यशताब्दी साजरी झाली. ५ नोव्हेंबर हा 'मराठी रंगभूमी दिन' म्हणून पाळला जातो.

या कथनाला आव्हान देणारी सामग्रीही आहे. तंजावरच्या भोसले दरबारात सतराव्या शतकाच्या अखेरीस शहाजीराजांच्या काळी मराठी नाटके रचली गेली. 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे त्यांपैकी एक. ललित, दशावतार, तमाशा हे प्रयोगप्रकार भाव्यांच्या आधीपासून मराठी प्रेक्षकांसमोर होते. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले 'तृतीय रत्न' दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले. ते प्रकाशित व्हायला १९७९ साल उजाडावे लागले. शूद्र कुटुंबाची होणारी फसवणूक आणि शिक्षणाची निकड हा विषय असलेले हे गद्य नाटक संहितेच्या निकषावर कीर्तन्यांच्या आधीचे आहे. तंजावरची नाटके त्याच निकषावर भाव्यांच्याही आधीची आहेत.

या ठिकाणी नाट्येतिहासाची एक विसंगती उघड होते. भाव्यांना आद्यत्व देताना प्रयोग हा निकष धरला जातो. त्यांच्या नाटकांचे मूल्यमापन करताना मात्र संहिता हा निकष लावला जातो आणि ती 'ओबडधोबड' ठरवली जातात. प्रयोग हाच निकष सातत्याने लावला, तर ललित-दशावतारांना इतिहासाच्या उंबरठ्याबाहेर ठेवता येणार नाही. संहिता हा निकष सातत्याने लावला, तर तंजावर आणि 'तृतीय रत्न' यांचा विचार आधी करावा लागेल. दोन्ही निकष सोयीनुसार वापरल्यामुळेच दरबारातून नगराकडे, पौराणिकाकडून सामाजिकाकडे सरळ रेषेत जाणारा इतिहास तयार झाला, आणि ती रेषा कोणत्या समाजगटांच्या हातून गेली याचा विचार बाजूला पडला.

वृद्ध विष्णुदासांची साक्ष या संदर्भात पुन्हा वाचली पाहिजे. आपण मराठीतले पहिले नाटक 'लिहिले' हा अर्थ नंतरच्यांनी तिला जोडला. ग्रंथाच्या शीर्षकाने त्यांनी सांगितले ते इतकेच, की नाटकासाठी कविता रचली. त्या शीर्षकाने लेखन आणि प्रयोग यांच्यातील अंतर मान्य केले आहे. छापील पानावर जे येऊ शकले ते पद्य. उरलेले गद्य नटांचे होते आणि ते नटांबरोबर गेले. मराठी रंगभूमीच्या आरंभाचा विचार करताना या हरवलेल्या गद्याची जागा रिकामी म्हणूनच दाखवावी लागेल. ती जागा संहितेच्या कल्पनेने भरून काढली, की राजाज्ञा आणि कवी एवढेच शिल्लक राहतात, आणि त्या दिवशी आपले शब्द आपणच घडवून बोलणारे नट इतिहासातून नाहीसे होतात.