दोन तळी

वीर स्थानकात उतरून महाडला जाणाऱ्याला चवदार तळ्याचा इतिहास ठाऊक असतो. नगरपालिकेचा तळे खुले करण्याचा 1924 चा ठराव कागदावरच राहिला, म्हणून 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी तेथील पाणी प्राशन केले. सवर्णांनी गोमूत्र-शेण ओतून तळे ‘शुद्ध’ केले.

त्याच 1927 साली मुंबईत देवनारची कचराभूमी सुरू झाली. कचऱ्यातून पावसाचे पाणी झिरपते, काळे विषारी होते व खाडीकडे वाहते. ते अडवायला तळेच बांधावे लागते. तळाशी चिकणमाती, तिच्यावर प्लॅस्टिकचे अस्तर हवे. पावसाळ्यात बांध ओसंडू नये म्हणून काठाशी जागा रिकामी हवी. गाळ वेळोवेळी उपसायला हवा.

हा गाळ उपसायला कोणाला उतरवणार? चवदार तळ्यावर आम्हांला पाणी शिवू दिले नाही. या तळ्यावर मात्र कोणी अडवत नाही! विटाळ मानणाऱ्या व्यवस्थेनेच घाणीची कामे जन्मावर वाटली. 2013 च्या कायद्याने गटारात व मैलाटाकीत संरक्षणाविना माणूस उतरवणे गुन्हा ठरवले. त्यात या तळ्याचे नाव नाही.

चवदार तळ्याचा हक्क उच्च न्यायालयात सिद्ध व्हायला 1937 उजाडले. हे दुसरे तळे कायद्यात यावे, गाळ यंत्राने उपसला जावा, ही मागणी त्याच लढ्याची आहे.