बीड जिल्ह्यातील हिवाळी स्थलांतर आणि मोटारसायकलीचा गंज : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

हिवाळ्यात मोटारसायकल गंजू नये म्हणून घ्यावयाच्या काळजीविषयीचे उपलब्ध लेखन बहुतांशी बर्फाळ प्रदेशांतून आलेले आहे. अमेरिका व युरोपात बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र रूढ झाली. त्या मिठापासून वाहनाचा बचाव करणे, हा तेथील सल्ल्याचा मुख्य आधार आहे. बीड जिल्ह्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे बर्फ नाही आणि रस्त्यावर मीठही नाही. वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यातील हिवाळा कोरडा असतो. असे असूनही फाल्गुन-चैत्रात गावोगावच्या गॅरेजमध्ये साखळी आखडलेल्या, ब्रेक जाम झालेल्या आणि टाकीतून तांबूस पाणी निघणाऱ्या गाड्या येतात. या गंजाचे मूळ थंडीपेक्षा जिल्ह्याच्या श्रमव्यवस्थेत अधिक आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन करावयाचे आहे.

खंडेनवमी आणि सीमोल्लंघन

लोखंड राखण्याची परंपरा या भागाला नवी नाही. पावसाळा संपताच शस्त्रे घासून-पुसून, तेल लावून खंडेनवमीला त्यांची पूजा करावयाची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघावयाचे, हा मराठेशाहीतील क्रम सर्वपरिचित आहे. शेतकऱ्याच्या घरी हीच रीत विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांना लागू होती. बैलगाडीच्या आसाला वंगण लागे व ते भांडे गाडीखालीच टांगलेले असे. वापरातल्या लोखंडाला तेल द्यावयाचे, हा संस्कार त्यामुळे पिढ्यानपिढ्या टिकून राहिला.

सीमोल्लंघन मात्र बदलले. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या सुमारास सुरू झाला व त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखानदारी विस्तारत गेली. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यांना तिने मजूर म्हणून ओढून घेतले. १९७२ च्या दुष्काळाने या प्रवाहाला वेग दिला. आज जिल्ह्यातील काही लाख माणसे मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर फडावर जातात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोच्या जोडीला येथे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने व्हावी, हे या व्यवस्थेबद्दल पुष्कळ काही सांगून जाते.

मोटारसायकलीचे आगमन

साठच्या दशकात राजदूत व जावा या गाड्या भारतात तयार होऊ लागल्या. तथापि ग्रामीण मराठवाड्यात मोटारसायकल खऱ्या अर्थाने पोहोचली ती १९८५ नंतर. त्या वर्षी तत्कालीन औरंगाबादजवळ (आजचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी हीरो होंडाची सी.डी. १०० बाजारात आली. कमी पेट्रोलमध्ये अधिक अंतर कापणारी ही गाडी जिल्ह्याच्या गरजेला अनुरूप होती. परळी रेल्वेने जोडलेले असले तरी बीड शहराला रेल्वेगाडी मिळण्यास सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. वाडी-तांड्यावरून डेअरीला दूध, दवाखान्यात रुग्ण आणि बाजाराला माणूस नेण्याचे काम एस.टी.च्या वेळापत्रकाबाहेर मोटारसायकलीनेच केले.

खंडेनवमीच्या पूजेत कोयत्याशेजारी मोटारसायकल आली, ती या ओघात. त्या दिवशी ती धुतली जाते, हळद-कुंकू वाहिले जाते, नारळ फोडला जातो. त्यानंतर काही दिवसांतच ती चालविणारा तरुण फडावर निघून जातो. घरी वृद्ध आणि शाळकरी मुले उरतात व गाडी पाच-सहा महिने पडवीत उभी राहते.

गंजाची कारणे

लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायू दोन्ही लागतात. दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनमध्ये व्हर्नन यांनी केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले, की हवेतील सापेक्ष आर्द्रता एका मर्यादेपलीकडे गेली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. स्वच्छ लोखंडाबाबत ही मर्यादा ढोबळमानाने साठ टक्क्यांच्या आसपास मानली जाते. पृष्ठभागावर धूळ व क्षार असल्यास ती आणखी खाली येते. निरभ्र रात्री धातू आपली उष्णता आकाशाकडे टाकून भोवतीच्या हवेपेक्षा थंड होतो व त्यावर दंव जमते. ज्या दंवाचा शाळू ज्वारीला आधार वाटतो, तेच उघड्यावरील गाडीच्या साखळीवर पहाटे साचलेले असते. चालत्या गाडीत इंजिनाच्या उष्णतेने व वाऱ्याने ते वाळून जाते, उभ्या गाडीत दिवस बराच वर येईपर्यंत सांदीकोपऱ्यांत टिकते.

मिठाचा प्रश्नही येथे वेगळ्या वाटेने येतो. मराठवाड्यातील अनेक बोअरचे पाणी जड व क्षारयुक्त असते. त्या पाण्याने धुतलेली गाडी वाळल्यावर जे पांढरे डाग राहतात, ते क्षारांचेच असतात आणि ते ओलावा धरून ठेवतात. निघण्यापूर्वी गाडी हौसेने धुऊन तशीच उभी करणे, हे प्रस्तुत लेखकास सर्वांत घातक वाटते. त्यावर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळली की जमिनीतून येणारी वाफही आत कोंडते.

तिसरे कारण टाकीत आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाला तेच अधिक विचार करावयास लावते. अर्धवट रिकाम्या टाकीतील हवा दिवस-रात्रीच्या तापमानानुसार आत-बाहेर होते, तिच्यातील बाष्प आतल्या पत्र्यावर जमते, आणि पाणी पेट्रोलहून जड असल्याने तळाशी बसते. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळण्यास प्रारंभ झाला. २०२२ मध्ये देशभरातील सरासरी दहा टक्क्यांवर व २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेली. इथेनॉल पाण्याला धरून ठेवते. पाण्याचे प्रमाण वाढले की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली उतरतात आणि टाकीच्या तळाचा पत्रा त्यांच्या संपर्कात राहतो. या इथेनॉलचा एक मोठा स्रोत ऊस आहे. बीडच्या मजुराने तोडलेल्या उसाचा अंश अशा रीतीने त्याच्याच घरी उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत असू शकतो.

जतनाच्या पद्धती

गावातील मिस्त्री जे सांगतात ते बव्हंशी शास्त्राला धरूनच आहे. गाडी शक्यतो गोड्या पाण्याने धुऊन, थोडी चालवून पूर्ण वाळवावी. साखळी रॉकेलने अथवा डिझेलने साफ करून तिला जाड ऑइल द्यावे. क्रोमच्या रिमवर व सायलेन्सरवर तेलाचा पातळ हात फिरवावा, मात्र ब्रेकला तेल लागू देऊ नये. बॅटरी काढून तिच्या टोकांना व्हॅसलीन लावावे. गाडी डबल स्टँडवर, फळीवर उभी करावी व वर प्लास्टिकऐवजी जुने सुती लुगडे टाकावे. जळके ऑइल खालच्या सांगाड्याला फासण्याची रीत स्वस्त असली तरी त्यात आम्लांश व घाण असते, म्हणून ती अगदीच नाइलाज असेल तर.

टाकीबाबत मात्र सल्ला आणि परिस्थिती यांचा मेळ बसत नाही. टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे हवेला जागा उरत नाही, असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु उचलीची रक्कम लग्न, आजारपण वा जुन्या देण्यात आधीच संपलेली असते आणि गाव सोडताना दहा-बारा लिटर पेट्रोल सहा महिने अडकवून ठेवणे कोयत्याच्या कुटुंबाला परवडत नाही. उलट टाकीत असलेले पेट्रोलही काढून घेतले जाते. अशा वेळी कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांसाठी एक उपाय शक्य आहे. टाकी व कार्बोरेटर पूर्ण रिकामे करावेत, टाकीत वाटीभर स्वच्छ इंजिन ऑइल ओतून ती चोहोबाजूंनी हलवावी व झाकण बंद करावे. परतल्यावर थोड्या पेट्रोलने टाकी विसळून घ्यावी. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत इंधनाचा पंप बहुधा टाकीतच असल्याने त्यांना हा उपाय चालत नाही. त्यांच्या बाबतीत घरी राहिलेल्या कोणी जाणत्या माणसाने पंधरा दिवसांतून एकदा गाडी सुरू करून बाजारापर्यंत नेऊन आणावी लागते.