मुंबईची ‘सुहेली’

मंडळी, सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर तुम्ही गेला असाल, तर शेजारची सावित्री पाहिलीच असेल. भरती साधून शिडाची गलबते हिच्यातून महाडपर्यंत माल आणीत. गलबतात जागा नेहमीच बेताची. नेमून दिलेला कप्पा निरुपयोगी झाला, की त्याला दुसरे काम शोधावे लागते. मुंबईत बांधलेल्या एका बोटीची हकीकत सांगतो.

‘सुहेली’ ३२ फुटांची, सागवानाची. सुतारांनी वाकसाने तासून, हाताने भोके पाडून ती घडवली. १९६४ साली ती पाण्यात उतरली. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा अधिकारी. आत चारदोन माणसे निजतील असे पक्के बाक होते. पण १४ जून १९६८ रोजी हा गडी इंग्लंडातून एकटाच निघाला, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेला! मग माणसांच्या बाकांवर शिडे आणि शिधा चढला. डब्यांवरचे कागद ओलीने सुटणार, म्हणून खुणा रंगाने केलेल्या.

पुढे दक्षिणेच्या समुद्रात वादळाने बोट आडवी केली. टाक्यांतले गोडे पाणी नासले. टाक्या असून नसल्यासारख्या! तेव्हा त्याने शिडावरून ओघळणारा पाऊस बादलीत धरला. पागोळ्यांखाली हंडा लावणाऱ्या आपल्या आयाबायांना यात काही नवल वाटायचे नाही म्हणा. रेडिओ मुका झाला, इंजिनही निकामी झाले.

२२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ‘सुहेली’ परत लागली. एकट्याने, न थांबता जग फिरून आलेला तो पहिला माणूस.