तळटीप : ‘आमच्या गडचांदूरचा नेव्हिल’
नेव्हिल डिसोझा : मुंबईच्या टाटा फुटबॉल संघाचे आघाडीचे खेळाडू. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियावर एकट्याने तीन गोल चढवले. भारत ४-२ ने जिंकला. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियावर पहिला गोलही त्यांचाच, पण तो सामना हातचा गेला आणि अखेर चौथा क्रमांक मिळाला. लेखकाने या संघाला ‘अनवाणी’ म्हटले आहे, ते चुकले. बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले ते १९४८ मध्ये, लंडनला, फ्रान्सविरुद्ध. मेलबर्नला पायांत बूट होते. गडचांदूरच्या पोरांच्या पायांत नव्हते, एवढे मात्र लेखकाचे मान्य.
— संपादक