आधी ओळख, मग लॉगिन

घरच्या विंडोज संगणकावरून दूरच्या लिनक्स यंत्रात शिरायला आता वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोज १० मध्ये २०१८ पासून ओपनएसएसएच अंगभूत आहे. पूर्वी बहुतेकांची भिस्त सायमन टॅथम यांच्या पुटी या प्रोग्रामवर असे. साधन सोपे झाले, तशी त्यातली मुख्य पायरी डोळे मिटून ओलांडली जाऊ लागली.

दूरच्या यंत्रात शिरण्याच्या जुन्या टेलनेट पद्धतीत पासवर्ड उघडाच जाई. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा १९९५ मध्ये तातू इलोनेन यांनी सारा मजकूर सांकेतिक करून पाठवणारे एसएसएच लिहिले. टेलनेटचे पोर्ट २३, एफटीपीचे २१. मधले २२ त्यांनी रीतसर मागून घेतले. पण मजकूर सांकेतिक केला म्हणजे भागले असे नाही. पलीकडे भलतेच यंत्र असेल, तर आपण चोराशीच गुप्तपणे बोलत राहतो.

म्हणून पहिल्या जोडणीत पलीकडचे यंत्र आपल्या कीचा ठसा दाखवते: ‘एसएचए२५६’ आणि पुढे अक्षरांची लांबलचक माळ. खाली प्रश्न येतो, पुढे जायचे का? माणसे ‘येस’ ठोकून मोकळी होतात! वास्तविक हाच ठसा त्या यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर, किंवा भाड्याचा सर्व्हर असेल तर कंपनीच्या वेब कन्सोलवर, ‘एसएसएच-कीजेन’ने आधी पाहून ठेवायचा असतो. नव्या आवृत्त्यांत ‘येस’ऐवजी तो ठसाच पेस्ट करता येतो, जुळला तरच जोडणी होते. ओपनएसएसएच त्या कीची नोंद ठेवते आणि पुढच्या खेपेपासून ती स्वतःच ताडून पाहते. एके दिवशी ठसा बदलल्याचा इशारा आला, तर बहुधा कोणी लिनक्स नव्याने बसवलेले असते. तरी ते यंत्र सांभाळणाऱ्याला विचारल्याशिवाय जुनी नोंद पुसू नये.

आपली ओळख पटवायला पासवर्डपेक्षा कीची जोडी बरी. खाजगी की घरीच राहते, तिच्या सहीनेच काम भागते. सार्वजनिक की तेवढी पलीकडे ठेवायची. मग पासवर्डचे दार बंद करावे, मात्र चालू खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून की चालते का ते आधी पाहावे. नाहीतर आपणच बाहेर.

चित्रमय डेस्कटॉप हवा असेल तर लिनक्सवर एक्सआरडीपी बसवतात. त्याचे ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडे टाकणे मला तरी पटत नाही. एसएसएचच्याच बोगद्यातून ते घरच्या यंत्रावरच्या ३३९० ला जोडावे आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपला पत्ता द्यावा तो ‘लोकलहोस्ट:३३९०’ असा.