पात्राच्या इच्छेवर मालकी कुणाची?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. एक सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र पत्करतात आणि ते काय करते हे तोंडाने सांगतात. कृती साधली की फसली, हे फासे ठरवतात. काय करायचे, हे मात्र खेळाडूच ठरवतो, आणि शत्रूंच्या वतीने सूत्रधार. हा या खेळाचा अलिखित करार. 2008 मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा उठलेले वादळ वरकरणी व्हिडिओ गेमच्या प्रभावाविषयी होते. माझ्या मते ते या कराराविषयी होते.

'एव्हरक्वेस्ट' (1999) किंवा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (2004) यांसारख्या संगणकीय खेळांतल्या राक्षसाला मन नसते, केवळ हिशेब असतो. कोणी किती इजा केली, कोणी जखमा भरल्या, याची बेरीज होते, आणि ज्याच्या नावावर आकडा मोठा त्याच्यावर तो धावतो. दुबळ्या मांत्रिकाला वाचवायचे, तर चिलखतधारी योद्ध्याने राक्षसाचे लक्ष स्वतःकडे ओढले पाहिजे. त्यासाठीचे कौशल्य म्हणजे 'टॉन्ट', अर्थात डिवचणे.

टेबलावर मात्र शत्रूमागे एक माणूस बसलेला असतो. योद्ध्याला वळसा घालून मांत्रिक गाठावा, हे त्याला सहज सुचते. चौथ्या आवृत्तीने यावर दोन तोडगे काढले. 'मार्क' केलेल्या शत्रूने योद्ध्याला सोडून दुसऱ्यावर वार केला, तर त्या वारातून 2 वजा होत, शिवाय शेजारी उभ्या योद्ध्याला फटका मारण्याची संधी मिळे. इथे निवड शाबूत राहते. फक्त महाग होते. 'कम अँड गेट इट' हा सातव्या पातळीचा डाव मात्र आसपासच्या शत्रूंना सरळ योद्ध्यापाशी ओढून आणी, मग ते धनुर्धर असोत की भेकड. मूळ नियमात या ओढण्यासाठी फासाही टाकावा लागत नसे.

'हा तर व्हिडिओ गेम झाला', अशी टीका झाली. पण इतिहास इतका सरळ नाही. मनाला वश करणारा 'चार्म पर्सन' हा मंत्र 1974 च्या पहिल्या आवृत्तीतच होता. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या 'पेंड्रॅगन'मध्ये (1985) तर सरदाराचे दया-क्रौर्यासारखे गुण आकड्यांत मांडलेले असतात. एखादा गुण फार बळावला, की खेळाडूच्या मनात नसतानाही फासे त्याच्या पात्राला त्या दिशेने नेऊ शकतात. त्याला कोणी संगणकाची नक्कल म्हटले नाही. (संगणकीय खेळांनी स्वतः याच टेबलावरून किती उचलले, हा आणखी वेगळा विषय.)

मग 2008 मध्येच का खटकले? मंत्राचे कारण कथाविश्वात असते. पेंड्रॅगनमधले कारण पात्राच्या स्वभावात. धनुर्धर धनुष्य सोडून तलवारीच्या टप्प्यात येतो, याला मात्र डावपेचाच्या गरजेपलीकडे काही कारण दिलेले नव्हते. कथानकाला हवे म्हणून दारात उभे राहणारे पात्र वाचकाला खुपते, ते याच न्यायाने.

समर्थकांचा युक्तिवाद मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. इथे योद्धा शत्रूला भाग पाडत नाही. खेळाडू क्षणभर लेखक होतो आणि शत्रू का आले ते स्वतः सांगतो. योद्ध्याने अडखळल्याचे सोंग केले असेल, शिवी हासडली असेल. हे मान्य केले, तर सर्वाधिक शिव्या खाल्लेला हा डाव व्हिडिओ गेमपासून सर्वांत दूरचा ठरतो, कारण 'टॉन्ट'मध्ये असे कारण रचण्याला जागाच नाही. अडचण एवढीच, की ही जबाबदारी खेळाडूवर आहे हे डावाच्या नियमात लिहिलेले नव्हते.

पुढे दुरुस्ती झाली, आणि ओढण्यापूर्वी शत्रूच्या मनोबळाविरुद्ध फासा टाकणे आवश्यक ठरले. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत योद्ध्याचा 'गोडिंग अटॅक' राहिला. त्याने डिवचलेल्या शत्रूला इतरांवर वार करणे अवघड जाते, पण अशक्य होत नाही. शत्रूला समोर खिळवून ठेवणारा 'कम्पेल्ड ड्यूएल' मात्र धर्मयोद्ध्याच्या मंत्रांत जमा झाला.